यकृत: रचना, काम आणि रिपोर्टमधले आकडे

मटणाच्या दुकानात 'काळीज द्या' म्हटले की खाटीक गडद तपकिरी, मऊ, चकचकीत तुकडा तोलतो. तो यकृताचा असतो. बोलताना मात्र आपल्या काळजाचा ठोका चुकतो, काळीज धडधडते, काळजाला घरे पडतात, आणि तेव्हा आपल्या मनात हृदय असते. मराठीने या दोन अवयवांची केलेली ही सरमिसळ गमतीची आहे, कारण दोघांचे स्वभाव अगदी उलट आहेत. हृदय बिघडले की लगेच कळवते. यकृत कळवत नाही. ते धडधडत नाही, त्याच्या आतल्या भागाला वेदना जाणवत नाहीत, आणि बराचसा भाग निकामी झाला तरी उरलेला भाग काम ओढत राहतो. म्हणून 'मला काही त्रास नाही, म्हणजे यकृत ठीक आहे' असे धरून चालणे योग्य नाही. यकृत आतून कसे बांधलेले आहे हे थोडे समजून घेतले, तर कावीळ, फॅटी लिव्हर, एसजीपीटी हे रोज कानावर पडणारे शब्द बरेच सोपे होतात.

यकृत कुठे आणि कसे असते?

पोटात उजवीकडे वर, बरगड्यांच्या आड, श्वासपटलाला चिकटून यकृत असते. त्याचा डावा निमुळता भाग जठरावरून पुढे जातो. मोठ्या माणसात त्याचे वजन साधारण १.२ ते १.५ किलो भरते. पोटातला हा सर्वांत मोठा अवयव आहे. तपासताना डॉक्टर पोटावर हात ठेवून 'खोल श्वास घ्या' म्हणतात, कारण श्वास घेतला की श्वासपटल खाली सरकते आणि त्याबरोबर यकृताची कडा बोटांना लागते. तान्ह्या बाळात शरीराच्या मानाने यकृत बरेच मोठे असते, त्यामुळे त्याची कडा बरगड्यांखाली हाताला लागली तरी घाबरायचे कारण नसते. गर्भात असताना काही महिने रक्तपेशी बनवण्याचे कामही यकृतच करते. पुढे ते काम हाडांतल्या मगजाकडे जाते.

यकृतावर एक पातळ आवरण असते. वेदनेचे मज्जातंतू या आवरणात असतात, आतल्या भागात नाहीत. यकृत झपाट्याने सुजले, त्यात गळू झाले किंवा रक्त साचले तर आवरण ताणले जाते आणि उजव्या बाजूला दुखते किंवा जडपणा वाटतो. पण वर्षानुवर्षे हळूहळू होणाऱ्या बिघाडात आवरण ताणले जात नाही, आणि दुखतही नाही.

दोन वाटांनी येणारे रक्त

बहुतेक अवयवांना धमनीतून रक्त मिळते आणि शिरेतून ते परत जाते. यकृताला मात्र दोन वाटांनी रक्त मिळते. यकृताच्या धमनीतून साधारण पाव हिस्सा येतो. उरलेला पाऊण हिस्सा येतो पोर्टल शिरेतून. ही शीर आतडी, जठर, स्वादुपिंड आणि प्लीहा यांच्याकडून परतणारे रक्त गोळा करून हृदयाकडे थेट न नेता आधी यकृतात आणते. दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त यकृतातून जाते.

याचा अर्थ असा की तुम्ही खाल्लेली भाकरी, घेतलेली गोळी, प्यालेली दारू, चुकून पोटात गेलेले विष, हे सगळे पचून रक्तात आले की पहिला मुक्काम यकृतात करते. पचलेल्या तेलातुपाचा मोठा भाग तेवढा लसिका वाहिन्यांतून वेगळ्या वाटेने जातो. छातीत दुखल्यावर द्यायची गोळी जिभेखाली का ठेवतात, याचे कारण इथेच आहे. तीच गोळी गिळली तर औषधाचा मोठा भाग यकृत वाटेतच मोडून टाकते. जिभेखालून ते पोर्टल शीर टाळून सरळ रक्ताभिसरणात जाते.

पण याच वाटेने नको ते पाहुणेही येतात. आतड्यातला अमीबा पोर्टल शिरेतून यकृतात पोहोचतो आणि तिथे गळू करतो. हे गळू बहुधा उजव्या भागात होते, आणि दारू पिणाऱ्या पुरुषांत जास्त दिसते. ताप, थंडी आणि उजव्या बरगड्यांखाली दुखणे अशी तक्रार असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी. वेळेत कळले तर हा आजार औषधांनी बरा होतो, काही वेळा सुईने पू काढावा लागतो.

सूक्ष्मदर्शकाखाली

यकृताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी नक्षी दिसते. प्रत्येक षटकोन एक-दोन मिलिमीटरचा. त्याच्या कोपऱ्यांवर तीन नळ्या एकत्र असतात: धमनीची फांदी, पोर्टल शिरेची फांदी आणि पित्तनलिका. मध्यभागी एक शीर असते. कोपऱ्यांतून आलेले दोन्ही प्रकारचे रक्त एकमेकांत मिसळते आणि यकृतपेशींच्या रांगांमधून मध्याकडे झिरपत जाते. पित्त मात्र याच्या उलट दिशेने, मध्याकडून कोपऱ्याकडे वाहते. दोन्ही प्रवाह शेजारून जातात पण मिसळत नाहीत. मिसळले की कावीळ होते.

रक्त जिथून झिरपते त्या केशवाहिन्यांच्या भिंतींना सूक्ष्म छिद्रे असतात, त्यामुळे रक्तातला द्रव थेट पेशींना भिडतो. भिंतीला चिकटून कुप्फर पेशी बसलेल्या असतात. आतड्यातून आलेले जंतू आणि मोडकळीस आलेल्या रक्तपेशी गिळणे हे त्यांचे काम. आणखी एक प्रकार आहे तारकापेशींचा. एरवी या पेशी अ जीवनसत्त्व साठवून शांत पडून असतात. (खाटकाकडच्या काळजात अ जीवनसत्त्व भरपूर असते ते यामुळेच.) पण यकृताला वारंवार इजा होत राहिली की याच पेशी रूप बदलतात आणि धागे विणू लागतात. पुढे ज्याला आपण सिरोसिस म्हणतो, त्याची सुरुवात इथे होते.

यकृत करते तरी काय?

पाठ्यपुस्तकांत यकृताच्या कामांची यादी पानभर असते. ती इथे देत नाही. रोजच्या आयुष्याशी संबंध येतो अशी कामे पाहू.

जेवल्यानंतर रक्तात आलेली साखर यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठवते आणि दोन जेवणांच्या मधल्या काळात थोडी थोडी सोडते. रात्रभर तुम्ही काही खात नाही, तरी मेंदूला साखर मिळत राहते ती या साठ्यातून. साठा संपत आला की यकृत प्रथिनांपासून नवी साखरही बनवते. मधुमेही व्यक्ती नेहमी विचारतात, 'रात्री फक्त सूप घेतले, तरी सकाळची उपाशीपोटी साखर एवढी कशी?' ती साखर जेवणातून आलेली नसते, यकृताने रात्री सोडलेली असते. इन्सुलिनचा हुकूम नीट चालत नसल्याने यकृताला थांबायचे कळत नाही. मेटफॉर्मिन हे औषध मुख्यतः इथेच काम करते. उलट, उपाशीपोटी दारू प्यायल्यास नवी साखर बनवण्याचे काम अडते आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. अशी व्यक्ती बडबडते, घामाघूम होते, झोपी जाते, आणि बाकीच्यांना वाटते की चढली आहे.

रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन फक्त यकृतात बनते. ते रक्तातले पाणी वाहिन्यांच्या आत धरून ठेवते. रक्त गोठवणारे बहुतेक घटकही यकृतातच तयार होतात. प्रथिने मोडताना तयार होणारा अमोनिया मेंदूला घातक असतो. यकृत त्याचे युरियात रूपांतर करते आणि मूत्रपिंडे तो लघवीतून बाहेर टाकतात.

आणि पित्त. रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त यकृत तयार करते. पित्ताशय ते बनवत नाही, फक्त साठवते आणि आटवते. म्हणून खड्यांसाठी पित्ताशय काढले तरी पित्त बनत राहते आणि पचन चालते. घरगुती भाषेत 'पित्त झाले' म्हणतो तेव्हा बहुधा जठरातल्या आम्लाचा त्रास असतो, त्याचा यकृताशी संबंध नसतो.

रिपोर्ट कसा वाचावा?

'लिव्हर फंक्शन टेस्ट' या नावानेच गैरसमज सुरू होतो. त्या कागदावरचे सगळे आकडे यकृताचे काम मोजत नाहीत. एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशींच्या आतली विकरे आहेत. पेशी दुखावली किंवा फुटली की ती रक्तात सांडतात. म्हणजे हे आकडे नुकसान चालू आहे का हे सांगतात, यकृताची ताकद किती उरली ते नाही. एसजीओटी तर स्नायूंमध्येही असते. जिममध्ये जोरदार व्यायाम केल्यावर दुसऱ्या दिवशी तपासणी केली तर हे आकडे वाढलेले दिसू शकतात.

यकृताची ताकद कळते ती दुसऱ्या दोन तपासण्यांतून: अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याचा वेळ, म्हणजे प्रोथ्रोम्बिन टाइम किंवा आयएनआर. गोठवणाऱ्या घटकांपैकी काही फक्त काही तासच टिकतात, त्यामुळे यकृत अचानक ढेपाळले तर आयएनआर एक-दोन दिवसांतच वाढतो. अल्ब्युमिन रक्तात आठवडे टिकते, म्हणून ते जुन्या आजाराचा माग देते.

हा फरक समजला तर दोन चुका टळतात. पहिली, हिपॅटायटिस ए झालेल्या मुलाचे एसजीपीटी हजाराच्या वर गेले म्हणून घरचे हादरतात, पण मूल खेळते-खाते आहे आणि आयएनआर ठीक आहे तर बहुधा ते काही आठवड्यांत पूर्ण बरे होते. दुसरी चूक जास्त गंभीर. रुग्ण गुंगीत जात आहे, आयएनआर वाढतो आहे, आणि एसजीपीटी मात्र तीन हजारांवरून तीनशेवर आले. घरच्यांना वाटते, उतार पडला. प्रत्यक्षात सांडायला पेशीच उरलेल्या नसू शकतात. अशा रुग्णाला त्याच दिवशी यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयात हलवायला हवे. तसेच सिरोसिस असलेल्या अनेकांचे एसजीपीटी अगदी नॉर्मल असते. 'एसजीपीटी नॉर्मल' म्हणजे 'यकृत नॉर्मल' नव्हे.

कावीळ हा आजार नाही, खूण आहे

तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यातून पिवळे बिलिरुबिन निघते. यकृत ते पाण्यात विरघळेल असे बनवून पित्तात सोडते. शौचाला तपकिरी रंग येतो तो त्यापासूनच. या साखळीत कुठेही अडले तर डोळे पिवळे होतात. कुठे अडले याचा अंदाज घरी बसूनही येतो. लघवी चहासारखी गडद आणि शौच पांढुरके, मातकट असेल आणि अंगाला खाज सुटत असेल, तर पित्ताची वाट तुंबली असण्याची शक्यता मोठी. कारण खडा असेल किंवा गाठ असेल. गडद लघवी, मळमळ आणि अन्नावरची वासना उडणे हे बहुधा यकृताच्या सुजेकडे बोट दाखवते. लघवीचा रंग नेहमीसारखा राहून नुसते डोळे किंचित पिवळे असतील, तर रक्तपेशी जास्त मोडत असतील किंवा गिल्बर्ट नावाची निरुपद्रवी ठेवण असेल. गिल्बर्टमध्ये उपवास केला किंवा ताप आला की बिलिरुबिन थोडे वाढते, बाकी रिपोर्ट चोख असतो. त्याला औषध लागत नाही.

आता माळेविषयी. काविळीवर काड्यांची माळ घालतात, ती लांबत जाऊन खाली उतरली की कावीळ उतरली असे मानतात. ओल्या काड्या वाळतात, आक्रसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते. निरोगी माणसाने घातली तरी ती लांबेलच. हिपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ बहुतेकांत आपोआप बरी होते, त्यामुळे श्रेय माळेला मिळते. माळेने अपाय होत नाही हे खरे, पण जो वेळ जातो त्याने होतो. पित्तनलिकेत खडा अडकलेला असेल किंवा यकृत निकामी होत असेल, तर ते दिवस परत मिळत नाहीत. नाकात थेंब टाकणे, डाग देणे, अनोळखी पूड पोटात घेणे हे मात्र सरळ धोक्याचे आहे.

पथ्याचाही अतिरेक होतो. हळद आणि तेल पूर्ण बंद करून रुग्णाला आठवडाभर उसाच्या रसावर ठेवण्याची गरज नाही. त्याला मळमळ नसेल तेव्हा नेहमीचे घरचे जेवण द्या. रस्त्यावरच्या उसाच्या रसातला बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे कोण पाहते? हिपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातूनच पसरतात. गरोदर स्त्रीला कावीळ झाली तर एक दिवसही घरी थांबू नये. हिपॅटायटिस ई गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो.

औषध आणि विष

पॅरासिटॅमॉल योग्य मात्रेत सुरक्षित औषध आहे. यकृत ते मोडताना थोडा विषारी पदार्थ तयार होतो आणि पेशींतले ग्लुटाथिऑन त्याला लगेच निकामी करते. मात्रा जास्त झाली की ग्लुटाथिऑन संपते आणि पेशी मरू लागतात. मोठ्या निरोगी माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, आणि रोज दारू पिणाऱ्या किंवा फार अशक्त व्यक्तीसाठी ती बरीच कमी. तापासाठी ६५० ची गोळी, सर्दीसाठी वेगळी, अंगदुखीसाठी तिसरी, असे घेताना तिन्हींत पॅरासिटॅमॉल असू शकते. पाकिटामागे वाचा. जास्त मात्रा गेल्यावर पहिले दिवसभर माणूस बरा दिसतो, पण उतारा असलेले एन-अॅसिटिलसिस्टीन पहिल्या ८ तासांत दिले तर सर्वांत चांगले काम करते.

उंदीर मारायच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टचेही तसेच. लहान मुलाने ती चाटली, दोन उलट्या झाल्या, मग दिवसभर बरे वाटले, म्हणून घरी ठेवू नका. यकृत निकामी होण्याची लक्षणे दोन-तीन दिवसांनी येतात. पेस्टची ट्यूब घेऊन लगेच मोठ्या रुग्णालयात जा. मोठ्या व्यक्तीने ती घेतली असेल तरीही हेच करा, रागावणे नंतर.

'आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य यकृताला माहीत नाही. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला सूज आल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यावर वादही झाला. पण काढा, चूर्ण, जिममधली पावडर, काहीही चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा, लपवू नका. क्षयाची औषधे चालू असताना मळमळ, उलट्या किंवा गडद लघवी झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.

न बोलता होणारा बिघाड

दारू, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि आता सर्वांत झपाट्याने वाढणारे फॅटी लिव्हर, ही सिरोसिसची मुख्य कारणे. यकृतात ५ टक्क्यांहून जास्त चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. पोटाचा घेर, मधुमेह आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड यांच्याशी त्याचे नाते आहे, आणि दारूचा थेंबही न घेणाऱ्या, शाकाहारी घरातल्या गृहिणीलाही ते होते. सोनोग्राफीत 'ग्रेड १' दिसले म्हणून झोप उडवून घेऊ नका, आणि 'सगळ्यांनाच असते' म्हणून सोडूनही देऊ नका. यकृत कडक होऊ लागले आहे का ते फायब्रोस्कॅनने कळते. वजन ७ ते १० टक्के कमी केले तर चरबीच नव्हे, सूजही उतरते.

तारकापेशींनी विणलेले धागे वाढले की मऊ यकृत गाठाळ, कडक होते. पोर्टल शिरेतल्या रक्ताला पुढे जायला वाव राहत नाही. दाब वाढतो आणि रक्त आडवाटा शोधते. अन्ननलिकेच्या तळाशी असलेल्या शिरा फुगतात, आणि एक दिवस त्यातली एखादी फुटून रक्ताची उलटी होते. अनेकांत सिरोसिसचा हाच पहिला निरोप असतो. प्लीहा वाढते, प्लेटलेट कमी होतात. अल्ब्युमिन घटलेले आणि दाब वाढलेला, त्यामुळे पोटात पाणी साठते, तो जलोदर. आतड्यातला अमोनिया यकृताला टाळून मेंदूत पोहोचतो. रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागतो, सही वेडीवाकडी येते, हात पुढे धरले तर पंजे फडफडतात. हे म्हातारपण नव्हे. बद्धकोष्ठतेने हा त्रास वाढतो. म्हणून अशा रुग्णाला लॅक्ट्युलोजचे पातळ औषध देतात आणि दिवसातून दोन-तीन वेळा शौचाला होऊ देतात. काळे, डांबरासारखे शौच झाले तर सकाळची वाट पाहू नका.

पुन्हा वाढणारा अवयव

क्लोद क्विनो या फ्रेंच शल्यविशारदाने १९५७ मध्ये दाखवले की यकृताचे आठ भाग पाडता येतात आणि प्रत्येकाचा रक्तपुरवठा आणि पित्तनलिका स्वतंत्र असते. म्हणून जिवंत माणसाच्या यकृताचा काही भाग काढून दुसऱ्याला बसवता येतो. कापलेला भाग पुन्हा उगवत नाही. उरलेल्या पेशी वाढतात, आणि दोन-तीन महिन्यांत दात्याचे यकृत जवळपास पूर्वीच्या आकाराला पोहोचते. मृत दात्याकडून यकृत हवे असेल तर महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत नाव नोंदवावे लागते. ही नोंदणी रुग्णालय करते.

नातेवाईक दाता म्हणून पुढे येतात तेव्हा रक्तगट जुळूनही काही जण नाकारले जातात, कारण तपासणीत त्यांचेच यकृत चरबीने भरलेले निघते. अशा वेळी डॉक्टर भावाला किंवा मुलाला आहार आणि चालण्याचा कार्यक्रम देतात आणि रुग्णाची प्रकृती थांबू देत असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. बऱ्याच जणांची चरबी तेवढ्या काळात इतकी उतरते की ते दाता होऊ शकतात.